धात्रीचे मोल : ‘मेघे ढाका तारा’तील प्रतीके, मांडणी आणि दोषाचा प्रश्न

ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) या चित्रपटाच्या आरंभीच नीताच्या चपलेचा पट्टा तुटतो. महिन्याची पहिली तारीख आहे, शिकवणीचे पैसे हाती आले आहेत आणि ती घरी निघाली आहे. क्षणभर ती वाकते, चपलेकडे पाहते आणि पाय ओढत पुढे चालू लागते. घरी पोचल्यावर धाकट्या बहिणीला साडी हवी असते, धाकट्या भावाला फुटबॉलचे बूट हवे असतात, थोरल्या भावाला दाढीपुरते पैसे हवे असतात. आईला घरखर्चाची रक्कम हवीच असते. पैसे संपतात आणि चप्पल तशीच राहते.

या प्रसंगाला प्रतीक म्हणावे की नुसता तपशील, असा प्रश्न पहिल्या पाहण्यात उद्भवत नाही. तो उद्भवतो शेवटी, जेव्हा नीता नसताना त्याच वाटेवर दुसऱ्याच एका मुलीच्या चपलेचा पट्टा तुटतो. त्या क्षणी पहिला तपशील मागे जाऊन प्रतीक बनतो आणि नीता नावाची एक विशिष्ट तरुणी अनेकींपैकी एक होते. चित्रपटाचा सारा आशय या रूपांतरात सामावला आहे, असे मानण्याची पद्धत आहे. परंतु या रूपांतरात एक नैतिक अडचण दडलेली आहे. जिचे अवघे आयुष्य इतरांच्या उपयोगी पडण्यात संपले, तिला कलावंताने पुन्हा एकदा एका मोठ्या अर्थाच्या उपयोगाला लावावे काय? दुःख भोगणाऱ्या व्यक्तीचे प्रतीक करणे हा तिला दिलेला न्याय असतो, की तिचा दुसऱ्यांदा केलेला वापर?

शक्तिपद राजगुरू यांच्या कथेवर आधारलेला हा चित्रपट १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून कलकत्त्याच्या परिसरात आलेल्या एका निर्वासित कुटुंबाचा आहे. वडील शिक्षक, इंग्रजी काव्याचे प्रेमी. आई दारिद्र्याने कडवट झालेली. थोरला शंकर गाण्याच्या रियाजात बुडालेला आणि म्हणून बिनकमाईचा. धाकटी गीता आणि मंटू आपापल्या हौसेत. नीता शिकते आहे, शिकवते आहे आणि सनत नावाच्या विज्ञानाच्या अभ्यासकावर तिचे प्रेम आहे. पुढे वडिलांना अपघात होतो, नीता शिक्षण सोडून नोकरी धरते, सनत गीताशी लग्न करतो, मंटू कारखान्यात जायबंदी होतो, नीताला क्षय होतो. कथानक एवढेच सांगितले तर ते कोणत्याही करुण कौटुंबिक बोलपटाचे वाटेल, आणि घटकांनी ते तसे वाटू द्यायला कधी लाजही बाळगली नाही. अतिनाट्याला ते हीन प्रकार समजत नसत.

या चित्रपटाविषयीची समीक्षा साधारणतः दोन वाटांनी गेलेली दिसते. एका वाटेने जाणाऱ्यांना त्यातील प्रतीके ठळक, किंबहुना भडक वाटतात : चाबकाचे आवाज, खदखदणारी चूल, वादळी रात्र. दुसऱ्या वाटेने जाणारे त्यांत आदिबंध शोधतात. घटकांच्या लेखनातच महामातेच्या आदिबंधाविषयीचा ओढा स्पष्ट आहे. त्यांचे शिष्य कुमार शहानी यांनी या चित्रपटातील तीन स्त्रियांत — क्रूर आई, विलासी गीता आणि पोषण करणारी नीता — स्त्रीतत्त्वाची विभागणी झालेली दाखवली, आणि ती मांडणी पुढील चर्चेला मूलभूत ठरली. (घटक १९६५-६६ च्या सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते आणि शहानी, मणी कौल, जॉन अब्राहम ही मंडळी तेथे त्यांच्या हाताखाली घडली, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. आपल्या शहरात घडलेल्या या विचाराची मराठी समीक्षेने मात्र फारशी दखल घेतली नाही.) या दोन्ही वाटांवर एक गोष्ट गृहीत धरलेली असते : प्रतीक हे दिग्दर्शकाचे असते, पात्रांचे नसते. वस्तुतः या चित्रपटात प्रतीक करण्याची क्रिया प्रथम घरात घडते. नीताला देवी करण्याचे काम दिग्दर्शकाआधी तिच्या माणसांनी केलेले आहे.

सनतच्या पत्रात ते स्पष्ट दिसते. चित्रपटाचे नावच त्या पत्रातून आले आहे. आरंभी तो नीताला चारचौघींसारखी समजला होता. आता मात्र ती त्याला ढगांनी झाकलेल्या ताऱ्यासारखी भासते, असा त्याचा आशय आहे. पत्र प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण ताऱ्याला प्रकाश देण्यापलीकडे काही काम नसते आणि त्याला भूकही लागत नाही. जो पुरुष तिला तारा म्हणतो तोच पुढे हातापाशी असलेल्या बहिणीची निवड करतो, यात विसंगती नाही. उलट, दूरत्व बहाल करणाऱ्या उपमेचाच तो व्यावहारिक परिणाम आहे. उन्नत करणारे शब्द माणसाला अंतरावर नेऊन ठेवतात.

जगद्धात्रीचा संदर्भ याहून खोल जातो. नीताचा जन्म जगद्धात्री पूजेच्या दिवशीचा आहे. जगद्धात्री म्हणजे जगाला धारण करणारी, हे देवीच्या नावाचे प्रकट स्पष्टीकरण. परंतु ‘धात्री’ या शब्दाला संस्कृतात आणि जुन्या मराठीतही दुसरा अर्थ आहे : दाई, दुसऱ्याचे मूल पाजणारी स्त्री. ज्या शब्दाने विश्व तोलले जाते त्याच शब्दाने वेतनावर राबणारी बाई ओळखली जाते. चित्रपटाचे सारे द्वंद्व या एका शब्दात आधीपासूनच दडून होते, असे म्हणावेसे वाटते. घर नीताचा उल्लेख पहिल्या अर्थाने करते आणि तिला वागवते दुसऱ्या अर्थाने.

आपल्याकडेही या भाषेची उणीव नाही. ‘भावंडांसाठी तिने लग्न केले नाही’ हे वाक्य मराठी मध्यमवर्गीय घरांत किती कौतुकाने उच्चारले जाते! त्या वाक्यातील ‘नाही’चा कर्ता कोण, तिने केले नाही की तिचे होऊ दिले नाही, हे व्याकरण सोयीस्करपणे झाकून टाकते. ‘त्याग’ हा शब्द एकदा वापरला की हिशेब मागण्याची सोय उरत नाही. देणाऱ्याने दिले एवढेच उरते, घेणारे वाक्यातून निघून जातात.

घटकांची मांडणी त्यांना वाक्यात परत आणते. येथे प्रतीक आणि मांडणी यांतील भेद ध्यानात घ्यायला हवा. प्रतीकाचे काम एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवण्याचे : नीताच्या जागी तारा, नीताच्या जागी जगद्धात्री. मांडणीचे काम व्यक्तीला इतर व्यक्तींच्या, भिंतींच्या, दारांच्या, चुलीच्या संदर्भात ठेवण्याचे : कोण पुढे उभे आहे, कोण मागे, कोण कुणाचे बोलणे कोठून ऐकते आहे. रुंद कोनाच्या भिंगामुळे या चौकटींना खोली येते आणि एकाच दृश्यात घरातील तीन-चार माणसे वेगवेगळ्या अंतरांवर दिसत राहतात. इप्टाच्या रंगभूमीवर घडलेल्या दिग्दर्शकाला माणसांची जागा हीच त्यांची भाषा असते, हे ठाऊक होते. प्रतीक नीताला उचलते. मांडणी तिला जमिनीवर, मागणाऱ्यांच्या मधोमध उभी करते. चित्रपटाचा नैतिक विचार या दोन हालचालींमधील ताणात आहे, कोणत्याही एकीत नाही.

सनत घरी येतो आणि आई ऐकत असते, तो प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. नीता आणि सनत बोलत आहेत, आई चुलीपाशी. जसजसे तिच्या कानी पडत जाते तसतसा शिजण्याचा खदखदाट चढत जातो, इतका की तो आवाज चुलीचा न राहता तिच्या अंतरंगाचा होतो. आईला भीती आहे ती मुलीच्या शीलाची नव्हे, पगाराची. मिळवती मुलगी लग्न करून गेली तर? ढोबळ अतिनाट्यात येथे खलनायिका जन्माला आली असती. घटक तसे होऊ देत नाहीत, आणि त्याचे कारण आईच्या हातातच आहे : ती रांधते आहे. जे शिजते आहे ते सगळ्यांच्या पानात पडणार आहे, नीताच्याही. तिचा स्वार्थ हा पाच माणसांच्या पोटाचा स्वार्थ आहे. प्रेक्षक आईबरोबर चुलीपाशी बसून ऐकतो. तिच्या कानांनी ऐकल्यावर तिला सरळ दोषी ठरवणे त्याला अवघड जाते, आणि तिला निर्दोष ठरवणे तर शक्यच नसते. ‘दुसऱ्या माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये’ हे कान्टप्रणीत सूत्र अशा स्वयंपाकघरात उच्चारायला जरा धीर लागतो. ते चुकीचे ठरते असे नाही. मात्र ज्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याच्या जगण्याचे साधन झालेला आहे तेथे ‘केवळ’ या शब्दाची सीमा नेमकी कोठे ओलांडली गेली, हे दाखवण्यासाठी सूत्र पुरत नाही, चौकट लागते.

उमेच्या गाण्याचा वापर याच जागी समजून घेता येईल. बंगालमध्ये दुर्गा ही माहेरी आलेली लेक मानली जाते. आश्विनात ती येते आणि विजयादशमीला कैलासाकडे परत निघते. मेनका या आईच्या तोंडची तिच्या आगमनाची आणि पाठवणीची गीते हा तेथील लोकपरंपरेचा मोठा ठेवा आहे. महाराष्ट्रात भाद्रपदात येणाऱ्या गौरी याच भावविश्वातील आहेत. तीन दिवसांची माहेरवाशीण, तिचे जेवण, तिची पाठवणी. उमेला कुशीत घेऊ पाहणाऱ्या आईच्या गाण्याचे सूर चित्रपटात एकाहून अधिक वेळा ऐकू येतात, आणि साहजिकच नीता म्हणजे उमा असे समीकरण मांडले जाते. ते अपुरे आहे. पुराणकथेतील आई लेकीला ठेवून घेऊ इच्छिते ती मायेपोटी. येथील आई ठेवून घेऊ इच्छिते ती कमाईपोटी. तेथे लेक निघते ती स्वतःच्या घराकडे; येथे तिला स्वतःचे घर कधी मिळतच नाही, तिच्या माहेराचेच सासर झालेले असते. आणि शेवटी ती हिमालयाच्या कन्येप्रमाणे डोंगरात जाते खरी, पण तेथे शिव नाही, क्षयरोग्यांचे आरोग्यधाम आहे. मिथकाचा एकेक दुवा जागेवर आहे आणि प्रत्येक दुव्यातून आशय काढून घेतलेला आहे. गाणे घराला आपले जुने वात्सल्य आठवून देते. म्हणून ते नीताचे गौरवगीत न होता घरावरचा ठपका होते. आदिबंधवादी समीक्षा मिथकाच्या अस्तित्वाने इतकी सुखावते की त्याच्या बिघाडाकडे तिचे लक्ष जात नाही.

चाबकाच्या आवाजाविषयी बरेच लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे थोडक्यात. नवी नोकरी धरलेल्या सनतच्या बिऱ्हाडी नीता जाते, पडद्याआडच्या स्त्रीची चाहूल तिला लागते आणि ती जिना उतरू लागते. खालच्या कोनातून तिचा चेहरा चौकट भरून टाकतो आणि ध्वनिपट्टीवर चाबूक ओढल्याचा आवाज उमटतो. पुढे शंकरबरोबर रवींद्रसंगीत गातानाही शेवटी तो परततो. हा आवाज भडक आहे, ही तक्रार मान्य करायला हरकत नाही. परंतु त्याचे वैशिष्ट्य त्याच्या तीव्रतेत नसून त्याच्या निराधारपणात आहे : त्या दृश्यात चाबूक नाही, हात नाही, मारणारा नाही. आघात आहे आणि कर्ता नाही.

हेच पुढे वडिलांच्या तोंडून शब्दांत येते. नीताचा आजार उघड झाल्यावर ते म्हणतात त्याचा आशय असा : पूर्वीचे लोक मुलींना मरणोन्मुख म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधत, ते रानटी होते, आम्ही सुशिक्षित, म्हणून मुलींना शिकवतो आणि पिळून काढतो. मग ते इंग्रजीतून आरोप करतात. कुणावर, असे शंकर विचारतो. कुणावरही नाही, असे उत्तर येते. ही भूमिका बिजन भट्टाचार्य यांनी केली आहे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावर ‘नबान्न’ लिहून साठेबाजांसकट सगळ्यांना रंगमंचावर उभे करणाऱ्या नाटककारालाच, आरोपी सापडत नाही असे म्हणायला लावण्यात एका पिढीचा प्रवास दिसतो. या ‘कुणावरही नाही’चा अर्थ अनेकदा ‘परिस्थितीवर’ असा लावला जातो. फाळणी दोषी, दारिद्र्य दोषी. तो खोटा नाही, पण फार स्वस्त आहे. हे बोलणारा माणूसच त्या ‘कुणीही नाही’मध्ये मोडतो. एका वादळी रात्री तोच नीताला घर सोडून जायला सांगतो : घरातले आता दुमजली घराची स्वप्ने पाहत आहेत, तू ओझे झाली आहेस. हे तो क्रौर्याने सांगत नाही. घरात तो एकटाच तिच्याशी खरे बोलतो, आणि ते सत्य तिला दाराबाहेर घालवते. बालपणी शंकरसह डोंगरात काढलेले छायाचित्र उराशी धरून ती पावसात उतरते. दोष कुणाचाच नाही असे शब्द सांगतात. पैसे कुणी कुणाकडून घेतले ते चौकट आधीच दाखवून बसलेली असते. चाबकाला हात नाही, कारण तो एकाच हातात कधी नव्हता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. नीताने हे सारे स्वतःहून दिले. शिक्षण तिने सोडले, सनतसाठी थांबण्याची तयारी तिने दाखवली, आजार तिने लपवला, वेगळ्या खोलीत ती आपण होऊन राहिली. संमतीने दिलेल्याला शोषण म्हणावे काय? परंपरेच्या दडपणाखालची संमती खरी नव्हेच, असे म्हणून हा आक्षेप उडवून लावण्याची सोय आज उपलब्ध आहे. पण त्या सोयीने नीता नुसती बळी ठरते. देवी करण्याइतकेच हेही तिला माणूसपणातून वगळणे आहे. चित्रपट तसे करत नाही. उत्तरार्धात सनत पुन्हा भेटतो तेव्हा ती आपले पाप कबूल करते : अन्यायाला आपण कधी विरोध केला नाही, हेच ते पाप. या कबुलीत स्वतःला दंड करण्याचा जुना संस्कार आहे, हे उघडच आहे. तरीही चित्रपटात प्रथमच कुणी आपल्या वाट्याचा दोष स्वतःच्या नावे मांडून घेते, आणि ती घरातील सर्वांत कमी दोषी व्यक्ती असते. तिच्या ‘माझा’शेजारी वडिलांचे ‘कुणाचाच नाही’ ठेवून पाहिले की हिशेबातील तफावत कळते.

शिलाँगच्या डोंगरातील प्रसंगात प्रतीक आणि व्यक्ती यांची शेवटची झटापट होते. शंकर तिला घरची हकीकत सांगतो आहे. तो आता मुंबईत नाव मिळवलेला गवई आहे. घर दुमजली झाले आहे, गीताचे मूल जिने चढते, खोड्या करते. तो कौतुकाने सांगत असतानाच नीता एकाएकी टाहो फोडते : तिला जगायचे होते. कॅमेरा तिच्याजवळ थांबत नाही, तो डोंगरांवरून फिरत जातो आणि तिचा आवाज दऱ्यांत घुमत राहतो. या फिरत्या कॅमेऱ्यात निसर्गाशी एकरूप होणारी देवी पाहणारे समीक्षक आहेत. पण ती काय म्हणते आहे? जगद्धात्री, उमा, तारा यांपैकी कुणाच्याही तोंडी शोभणार नाही असे वाक्य तिच्या तोंडी आहे. देवीला जगण्याची इच्छा असण्याचे कारण नसते. आणि ती ओरडते ते मृत्यूच्या भयाने नव्हे, लहान मुलाच्या जिना चढण्याच्या हकीकतीने; तिला हवे होते ते मोक्षासारखे काही नव्हते, गीताला मिळाले ते होते. ज्या क्षणी दृश्य तिला पर्वतांत विलीन करू पाहते त्याच क्षणी ध्वनी विलीन व्हायला नकार देतो. प्रतीकाने गिळलेली व्यक्ती प्रतीकाच्या आतून बोलते.

मग प्रश्न उरतो तो दुसऱ्या चपलेचा. नीताचा टाहो ऐकवल्यानंतर तिला पुन्हा ‘अशा अनेक’ मुलींत जमा करणे हा त्या टाहोचा अवमान नव्हे काय? हा शेवट पुष्कळांना उपदेशात्मक वाटतो आणि तुटलेला पट्टा तेवढाच पाहिला तर तो तसा आहेही. पण त्या वाटेवर शंकर उभा आहे, हे विसरता कामा नये. सनत नाही, आई नाही; शंकरच का? तो नीतावर सर्वांत अधिक माया करणारा, आणि तिच्या पैशांवर सर्वांत सुंदर वस्तू उभी करणारा. आरंभी नदीकाठी रियाज करणारा शंकर दाढीचे पैसे तिच्याकडून घेत होता, ए. टी. कानन यांच्या आवाजातील त्याचा हंसध्वनी चित्रपटात निर्भेळ आनंद देणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी एक आहे, आणि तो आनंद तिच्या खर्चाने आला आहे. साडी आणि बूट यांच्याच यादीत संगीतही आहे. घटकांनी कलेला या यादीतून वगळले असते तर त्यांची सारी प्रतीके ढोंगी ठरली असती. त्यांनी तसे केले नाही. दुःखाचा कलेसाठी होणारा वापर हा प्रश्न त्यांनी समीक्षकांवर न सोडता कलावंताच्या रूपाने चौकटीत उभा केला. त्याने त्यांची सुटका होते असे नाही. चित्रपट तरीही नीताच्या दुःखावर उभा आहे आणि तो पाहून भारावणारा प्रेक्षकही त्या पंगतीतच बसलेला आहे.

कोपऱ्यावरचा दुकानदार शंकरला नीताची खुशाली विचारतो, इतक्या शांत मुलीच्या वाट्याला हे यावे याची हळहळ करतो. तेवढ्यात ती मुलगी जाते. पट्टा तुटतो, ती वाकते, शंकर पाहतो आहे हे तिच्या ध्यानात येते तेव्हा ती किंचित संकोचून हसते आणि चालू लागते. तिला तिच्या चपलेचा अर्थ ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो तोंड झाकून रडतो, आणि दुकानात चपलेची चौकशी करायला कुणी जात नाही.